जप्तीची स्टुलं

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा आणि तेव्हापासून ती उभीच असायची. पाणी तापवणं, स्वयंपाक, डबे भरणं, सगळं उभ्यानं. उजाडायच्या आत नवरा कामावरून परत यायचा. तो एका गोदामावर रात्रीचा राखणदार होता. दारात चपला काढता काढता त्याचं रोजचं रडगाणं सुरू व्हायचं.

"बसून बसून कंबर मोडली बघ."

"मग अदलाबदल करू. तू माझ्या चादरी धर, मी तुझ्या खुर्चीवर बसते. गोदामाला काय कळतंय?"

"चोराला कळेल ना."

"मला बघून चोर पळेल. तुला बघून तो तंबाखू मागतो."

एवढं बोलून ती निघायची. नवऱ्याशी दिवसातलं तिचं बोलणं जवळजवळ एवढंच. संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत तो गोदामावर गेलेला असायचा.

ती ज्या लॉन्ड्रीत कामाला होती तिथे मी बॉयलर सांभाळायचो. म्हणून तिच्याबद्दल सांगतो.

लॉन्ड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या. धुऊन, पिळून, वाफेच्या गरम रुळांतून काढल्या की त्या घडीच्या टेबलांशी जायच्या. तिथे सगळ्या बायका. लोकांना वाटतं, घडी घालणं हलकं काम. हातात काय, एक चादर. पण चादर हातांनी नुसती धरायची असते, घडी पायांनी घालायची असते. दोघींनी दोन बाजू धरायच्या, झटका द्यायचा, काठाला काठ लावायचा, पुन्हा झटका, मग चालत जाऊन टोकाला टोक भिडवायचं. परत मागे. पुढची चादर. दिवसभरात परगावी जाऊन यावं एवढी चाल व्हायची आणि पोचायचं कुठेच नाही.

भिंतीवर पाटी होती: कामाच्या वेळी बसू नये. मालकांचं म्हणणं असं, की माणूस बसला की आधी त्याचे पाय झोपतात, मग डोकं, मग धंदा. हे ते फिरत्या खुर्चीत बसून सांगायचे आणि सांगून झालं की एक गिरकी घ्यायचे.

आमच्याकडे आणखी एक पद्धत होती. संध्याकाळचा भोंगा झाला की मालक दारात यायचे आणि टाळी वाजवायचे. "आज कोण कोण थांबतंय?" जादा काम करणाऱ्यानं हात वर करायचा. सक्ती अजिबात नव्हती. ज्याचा हात खाली त्याच्याकडे मालक जरा जास्त वेळ बघायचे एवढंच, आणि गोड आवाजात विचारायचे, "घरी काही विशेष?" सगळ्यांसमोर काय सांगणार? कुणाच्याच घरी काही विशेष नसायचं. त्यामुळे सगळे हात वर.

सगळ्यांत आधी आक्कांचा हात वर जायचा. आक्का म्हणजे तिची टेबलावरची जोडीदारीण. वयानं मोठ्या, कामाला वाघीण. सर्वांत जास्त थांबल्याबद्दल त्यांना मालकांच्या हस्ते भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. टाळ्या झाल्या, तेव्हाही आक्कांनी पायाला पट्टी बांधलेली होती. शिरा फुगलेल्या, घोट्यापाशी जखम, आणि रात्रंदिवस रक्त खाली उतरत असल्यानं ती भरत नव्हती. एके दुपारी आक्का चादरीची टोकं हातात धरूनच खाली गेल्या. मुकादम धावत आला. त्यानं आधी आक्कांकडे बघितलं, मग पाटीकडे.

"आक्का, काम चालू आहे," तो म्हणाला.

आक्का त्यानंतर कामावर आल्या नाहीत. पलंगावर पडून असतात. समोर भिंतीवर घड्याळ.

तिनं स्वतःचे पाय त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून बघितल्या.

"तासातून थोडा वेळ तरी बसत चला. नाहीतर तुमच्या त्या जोडीदारणीशेजारी दुसरा पलंग टाकावा लागेल."

"आणि काम सोडलं तर?"

"तर उत्तमच."

"मग खायचं काय?"

डॉक्टरांकडे त्यावर गोळी नव्हती. घर दोघांच्या पगारावर चालत होतं. एकाचा पगार गेला असता तर ते निम्मं नाही, अख्खं बसलं असतं.

म्हणून तिनं मुकादमाला विचारलं. नीट विचारलं, अक्कल लावून. घडी घालताना दोघींनी चालायची गरज नाही. एक जागेवर थांबली आणि दुसरी चालत आली तरी टोकं भिडतात. मग थांबणारी स्टुलावर बसली तर बिघडतं कुठे? अर्ध्या तासानं पाळी बदलायची. स्टूल मात्र उंच हवं, नाहीतर चादर जमिनीला लागते. हे तिनं सुट्टीच्या दिवशी घरी नवऱ्याला चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून तपासलं होतं.

मुकादमानं सगळं ऐकून घेतलं आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐकलंत का? राणीसरकारांना सिंहासन हवंय!"

सगळ्या हसल्या. तीही हसली. त्या दिवसापासून तिचं नाव राणीसरकार पडलं आणि दुसऱ्या दिवशी राणीसरकार स्वतःचं स्टूल डोक्यावर घेऊन आल्या.

ते दुपारपर्यंत टिकलं. मुकादमानं उचललं. पण ठेवणार कुठे? बाहेर ठेवलं तर कुणी पळवेल, आणि मालकांच्या खोलीत ठेवलं तर मालक विचारतील की हे आत आलंच कसं. कुलूप लागणारी खोली एकच, माझी. स्टूल बॉयलरच्या खोलीत आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बादली पालथी घातली. बादली जप्त. मग साबणाचा रिकामा डबा. जप्त. मग तिची नवी जोडीदारीण, चष्मेवाली, हिनं घरातून बसायचा एक वेताचा मोडा आणला. तोही जप्त. बाकीच्याही पेटल्या. कुणी लाकडी खोकं आणलं, कुणी जुन्या सायकलची सीट आणली. तिच्यावर बसणार कशी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एकीनं धुवायच्या चादरींचं गाठोडं बांधून त्यावर बैठक मारली, तेव्हा मुकादम त्या गाठोड्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. गाठोडं जप्त केलं असतं तर धुवायचं काय? शेवटी तो म्हणाला, "हे सोडा. हे नियमात बसत नाही."

"मी तर बसतेय," गाठोडेवाली म्हणाली.

असं करता करता माझ्या खोलीत बसायच्या वस्तूंचा बाजार भरला. अख्ख्या लॉन्ड्रीत बसण्यासारखी दुसरी जागा उरली नाही. राणीसरकार एकदा आपलं स्टूल बघायला म्हणून आल्या, दारात थांबल्या आणि गालात हसल्या.

"दादा, मुकादमांनी आपल्याला दिवाणखाना सजवून दिलाय की."

खोलीत उकडायचं, पण दार आतून लोटता यायचं. आता प्रश्न होता निमित्ताचा. ते तिनं शोधलं. वाफ कमी पडली की रुळांतून चादर दमट निघते, मग हॉलमधून एकीनं येऊन बॉयलरवर सांगायचं, ही जुनीच रीत. तेव्हापासून वाफ फार कमी पडायला लागली. सकाळपासून एकेक बाई यायची. "दादा, वाफ कमी आहे," म्हणायची आणि मोड्यावर बसून पाय खोक्यावर टाकायची. थोड्या वेळानं दुसरी. पाय मोकळे झालेली पहिली जायची. टेबलावर राहिलेल्या तेवढा वेळ जोरात हात चालवायच्या. माल कमी निघाला नाही. उलट जरा वाढला. बसून आलेली बाई कशी काम करते, ते मी बघितलंय. मालकांनी बघायला हवं होतं.

माझ्या बॉयलरची मात्र फुकट बदनामी झाली. वाफेच्या दाबाचा काटा जागचा हलत नव्हता.

मुकादमाला कळायला वेळ लागला नाही. तो एका दुपारी अचानक आत शिरला. आत राणीसरकार एकट्याच होत्या, स्वतःच्या स्टुलावर. त्यानं तोंड उघडलं. तिनं त्याच्या पायांकडे बघितलं. मुकादमानं चामड्याचे काळे बूट घालावेत असा मालकांचा हुकूम होता. बूट एका मापानं लहान होते, आणि तो सकाळपासून रात्रीपर्यंत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. आमच्यापेक्षा आधी यायचा, आमच्यानंतर जायचा. त्याला टाळी वाजवून कुणी विचारतही नव्हतं.

"मोडा मऊ आहे," ती म्हणाली.

"मी जप्ती तपासायला आलोय."

"मग बसून तपासा. मोडतोय का ते नुसतं बघून कसं कळणार?"

तो दाराकडे बघत बघत टेकला. मग बूट काढले. मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की मला वाटलं बॉयलरचाच व्हॉल्व्ह सुटला.

"कुणाला बोललात तर बघा," तो म्हणाला.

"छे. सांगायला मी इथे होतेच कुठे? मी तर टेबलाशी उभी आहे."

असे काही आठवडे मजेत गेले. पण निमित्त फार वापरलं की उघडं पडतं. दिवसभर "वाफ कमी आहे" ऐकून मालकांचा जीव खालीवर व्हायला लागला. बॉयलर गेला तर मोठा खर्च. एके दुपारी हॉटेलची गाडी माल न्यायला दारात उभी होती आणि मालक स्वतः बॉयलर बघायला आले. माझ्याच खोलीचं दार मला न विचारता उघडलं.

आता एकेक नाही, आत एकदम पाच जणी आणि मुकादम. मुकादमाचे बूट बाजूला, पाय पालथ्या बादलीवर.

"हे काय चाललंय?"

राणीसरकारच म्हणाल्या, "वाफेची वाट बघतोय, साहेब."

"बसून?"

"उभ्यानं बघितली होती. आली नाही."

एक जण फिसकन हसली आणि मालकांचं डोकं फिरलं. "जो जो बसलाय तो आजपासून बंद! मुकादम, सांगा कोण कोण होतं ते. एकूण एक!"

मुकादम बूट चढवत होता. पाय सुजलेले, आत जाईनात. एक अर्धा घुसवून तो उठला, कळवळला आणि पुन्हा बसला.

"मुकादम! मी काय विचारतोय?"

"साहेब," तो म्हणाला, "सुरुवात माझ्यापासूनच करावी लागेल." आणि बूट काढून त्यानं बाजूला ठेवले.

त्या वेळी मला वाटलं, संपलं. तिचे पाय वाचवायला गेलो आणि पोट गेलं. तिच्याकडे बघितलं तर तिचाही चेहरा उतरला होता. मालक ओरडले, "चालते व्हा सगळे!" सगळ्या उठल्या. हॉलमध्ये उरलेल्यांनी आरडाओरडा ऐकून हातातल्या चादरी खाली ठेवल्या. कुणी कुणाला खूण केली नव्हती. सगळा घोळका हॉलसमोरच्या फाटकाजवळ जाऊन उभा राहिला, मीही. कुणी घरी मात्र गेलं नाही. पुढे काय होतंय ते बघायचं होतं.

गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. हॉलमध्ये चादरींचा डोंगर आणि मालक एकटे. त्यांनी एक चादर उचलली, काठ हनुवटीखाली धरला, हात पसरले. मोठी डबल चादर. खालचं टोक फरशीवर लोळलं. गाडीवाला म्हणाला, "साहेब, ती पुन्हा धुवावी लागेल." मालकांनी दुसरी उचलली.

तेव्हा राणीसरकार आत आल्या. स्टूल बगलेत. टेबलाशी ठेवलं, पाटीच्या बरोबर खाली, आणि बसल्या.

"द्या एक बाजू इकडे."

"तुम्हाला काढलंय!"

"म्हणून तर बसलेय. पाटी कामगारांसाठी आहे. मी आता पाहुणी."

मालक लाल झाले. हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी चादरीची एक बाजू तिच्याकडे फेकली. तिनं दोन्ही टोकं धरली. झटका. काठाला काठ. झटका. आणि मालक भराभर चालत तिच्याकडे आले, टोकं तिच्या हातात दिली, लोंबणारी घडी पायाला लागायच्या आत खालून उचलली. सफाईनं. फाटकाजवळच्या सगळ्या बघत राहिल्या.

"अगं बाई," राणीसरकार म्हणाल्या, "साहेबांना येतं की."

"येतं म्हणजे? लहानपणापासून येतं. हा धंदा काय आभाळातून पडला? आई लोकांच्या चादरी धुवायची. घड्या आम्ही दोघं घालायचो, ती आणि मी. ढीगच्या ढीग." बोलता बोलता तिसरी, चौथी चादर झाली. मालक जायचे, यायचे. अंगात ताल आला होता.

"आणि चालायचं कोण? आई?"

"आई कशाला चालेल? ती पायरीवर बसून धरायची, मी..."

मालक थांबले. चादर दोघांच्या मध्ये लोंबत राहिली.

तिनं चादर हलकीच ओढली, घडी पुरी व्हायची होती म्हणून.

आणखी थोड्या चादरी झाल्या आणि मालकांना धाप लागली. शर्ट पाठीला चिकटला. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, स्टुलाकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

"पाळी बदलायची का?" तिनं विचारलं.

मालक स्टुलावर बसले. राणीसरकार चालू लागल्या. मग चष्मेवाली आत आली, मग बाकीच्या. मुकादम अनवाणी आला आणि वाटेत माझ्या खोलीतून मोडा घेऊन आला. गाडी भरली. कुणाला काढलं होतं आणि कुणाला नाही, हा विषय पुन्हा निघाला नाही. मालकांना तो काढायचा नव्हता आणि आम्ही कशाला काढू?

दुसऱ्या दिवशी टेबलांजवळ स्टुलं होती. जप्तीचा माल ज्याचा त्याला मिळाला. सायकलची सीट मात्र कुणीच आपली म्हणेना. पाटी कुणी काढली नाही, पण तिच्यावर एक मोठं कॅलेंडर लागलं.

त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि मालकांनी सवयीनं टाळी वाजवली. "आज कोण कोण थांबतंय?"

राणीसरकारांचे हात मांडीवर होते.

"घरी काही विशेष?" मालकांनी विचारलं. आवाज आधीइतका गोड नव्हता.

"हो साहेब. नवरा."

"काय झालं त्याला?"

"काही नाही झालं. तो रात्रपाळीला निघायच्या आत गेले तर तेवढाच दिसतो. नाहीतर मला त्याचं रिकामं अंथरुणच दिसतं."

हसण्याचा एकच गलका झाला. मग एकेक हात खाली यायला लागला. सगळे नाही आले. ज्यांना पैशांची निकड होती त्यांचे वर राहिले, आणि ते त्यांना लागतच होते. पण आपणहून वर राहिलेला हात आणि कुणाच्या नजरेखातर वर ठेवलेला हात यात फरक असतो. त्यानंतर मालक ज्याचा हात खाली त्याच्याकडे जास्त वेळ बघेनासे झाले.

आक्कांना हे सगळं तिनं जाऊन सांगितलं. आक्का इतक्या हसल्या की पलंग हलला. मग म्हणाल्या, "मेले, मी असताना का नाही सुचलं तुला?" राणीसरकार उठून आक्कांच्या पायाची पट्टी बदलत बसल्या.

पुढे ती बरीच वर्षं तिथेच होती. स्टुलामुळे पाय टिकले, पण आधीचं उभं राहणं शिरांमध्ये बसलं होतं ते गेलं नाही. निवृत्त झाली तेव्हा फंडाची रक्कम हातात आली. नवऱ्यानं घराच्या छपराची मोजमापं काढून ठेवली होती.

"छप्पर गळतंय," तो म्हणाला.

"गळू दे. ते कुठे चालत जाणार आहे?" म्हणत तिनं पैसे उचलले आणि शिरांच्या ऑपरेशनचं नक्की केलं. दोन्ही पाय.

सर्जन तरुण होता. तिच्या पोटऱ्या बघून दचकला. "एवढ्या कशा फुगू दिल्या?"

"पगार वाढत नव्हता, म्हटलं काहीतरी वाढू दे."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी सोडताना सर्जननं पथ्य सांगितलं. "आता बसून राहायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चालायचं."

तिनं त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. "डॉक्टर, आमचे मालक तुमचे कोण लागतात?"

बिलात फंड जवळजवळ सगळा गेला. नवऱ्यानं छपरावर ताडपत्री टाकली. ती आता रोज संध्याकाळी आमच्या गल्लीतून जाते. हात रिकामे, चाल सावकाश. मी ओट्यावर बसलेला असतो.

"कुठे निघालात, सरकार?"

"कुठेच नाही, दादा. उभ्या जन्माचे पैसे घालून पाय विकत घेतलेत. जरा फिरवून आणते."